इंजिनाची भिंतीकडची बाजू

यासीनभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी पैठणला एका शेतकऱ्याच्या विहिरीवर होतो. जुना पंपसेट बघायला गेलो होतो, सौदा अगदी शेवटच्या टप्प्यावर आला होता. फोनवर इम्रानचं नाव उमटलं. यासीनभाईंचा मोठा मुलगा. चार वर्षांत त्या घरातून एकही फोन आला नव्हता, तरी नंबर मी पुसला नव्हता. "चाचा, अब्बा गुजर गए. असर के बाद मिट्टी है," एवढंच तो बोलला. असर म्हणजे दुपार कलल्यावरची नमाज, मिट्टी म्हणजे दफन. मी घड्याळ बघितलं. माझ्या आयुष्यात भाव अर्धवट टाकून मी कधी उठलो नाही, त्या दिवशी उठलो. मागून शेतकरी ओरडत होता, "पाटील, अजून थोडं खाली येतो की!" मी वळून बघितलं नाही.

आता सात आठवडे झाले. काही लोकांना वाटतं की मी शोक करतोय. शोक आहेच, पण त्याच्या आत एक जुना राग होता आणि त्याचं काय करायचं ते मला कळत नव्हतं. माझ्यासारख्या तापट माणसानं स्मृतिलेख लिहायला घ्यावा हेच नवल. पण जिथं शेजारपण फक्त बंदच्या दिवशी आठवतं, अशा आपल्या शहरात एका मुसलमान माणसाबरोबर मी अठ्ठावीस वर्षं एका शेडमध्ये काढली. त्यांच्यात काय असतं, काय नसतं, हे मी त्याच्याकडूनच शिकलो. ते लिहून ठेवावं, आणि त्याच्या शेजारी माझंही लिहून ठेवावं, असं वाटलं.

मी सोयगाव तालुक्यातला. बैलबाजारात मामाबरोबर उभा राहून धंदा शिकलो. तिथं भाव तोंडानं होत नाही. दोन हात एका रुमालाखाली जातात आणि बोटं दाबून आकडा सांगतात. त्यामुळं समोरच्याचं तोंड सोडून हात बघायची खोड मला लागली. शहरात आलो, जुन्या मोटारी, पंप, इंजिनं विकत घेऊ लागलो, आणि मोंढ्यामागं शेड टाकलं तेव्हा दुरुस्तीला माणूस हवा होता. माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, उंच, किरकोळ अंगाचा एक माणूस आला. मी आधी हात बघितले. नखांत ग्रीस मुरलेलं, पण बोटं एखाद्या सोनारासारखी. पगारावर मी घासाघीस सुरू केली तर तो म्हणाला, "पगार तुम बोलो पाटील, पन मेरी दो शर्ते हैं. नमाज के टाइम मैं उठूंगा. और जो ऐब रहेगा, मैं मशीन पे लिखूंगा."

पहिली अट मी हसत मान्य केली. दुसरीवरून आमची अठ्ठावीस वर्षं भांडणं झाली.

त्यांच्यात विकणाऱ्यानं मालातला दोष झाकायचा नाही, झाकून विकलेल्या मालात बरकत नाही, असं तो सांगायचा. ते सगळेच सांगतात, तसं आपल्यातही सांगतात. यासीनभाई मात्र पांढरा ऑइल पेंट आणि बारीक ब्रश घेऊन बसायचा आणि मशीनच्या अंगावर लिहायचा. 'दुसऱ्यांदा वाइंडिंग.' 'बेअरिंग आवाज करते.' 'शाफ्ट बदलली, मूळ नाही.' शिक्षण उर्दू शाळेतलं, त्यामुळं त्याची मराठी अक्षरं वाऱ्यात उभ्या ज्वारीसारखी एका अंगाला कललेली. मी डोकं धरायचो. "अरे, हा माल विकायचाय की त्याची पत्रिका मांडायचीय?" तो म्हणायचा, "पाटील, जो पढके भी लेगा, वो कल आके तुम्हारी कॉलर नहीं पकडेगा." झालंही तसंच. 'पाटलाच्या शेडात मशीनवरच सगळं लिहिलेलं असतं' अशी ख्याती झाली आणि त्या ख्यातीवर माझं घर उभं राहिलं. हे मी त्याला कधी बोलून दाखवलं नाही. बोललो असतो तर पगार वाढवावा लागला असता.

नमाजेचं म्हणाल तर सुरुवातीला माझा जीव जायचा. दिवसातून पाच वेळा, त्यातल्या दोन-तीन तरी कामाच्या वेळात. गिऱ्हाईक तापलेलं असावं आणि यासीनभाईनं हात धुवायला सुरुवात करावी. हात, तोंड, नाक, कोपर, डोकं, पाय, असं सगळं ठरल्या क्रमानं. शेडच्या कोपऱ्यात त्यानं फरशीवर पेंटनं एक छोटा बाण काढला होता. मक्केची दिशा, आपल्याकडून पश्चिम. त्या बाणावर चटई टाकायची आणि दहा मिनिटं माझ्या दुकानात असूनही नसायचं. एकदा मी म्हटलं, "तुझा देव दहा मिनिटं थांबणार नाही का?" तो चटईची घडी घालत म्हणाला, "वो तो थांबेगा, पाटील. मैं थांबा तो फिर थांबताच रहूंगा." देव एकच, त्याला आकार नाही, त्याच्या बरोबरीला कुणी नाही, आणि महंमद पैगंबर हे त्याचे शेवटचे प्रेषित, देव नव्हेत, हे त्यानं मला एवढ्याच शब्दांत सांगितलं होतं. बाकी वाद घालायला तो कधी बसला नाही.

दसऱ्याला माझ्या यंत्रपूजेची सगळी साफसफाई तोच करायचा. प्रत्येक पाना रॉकेलनं धुऊन, पुसून, ओळीनं मांडून ठेवायचा आणि आरती सुरू व्हायच्या आधी चहाला जायचा. "मशीन तुम्हारा, सफाई मेरी, पूजा तुम्हारी." परत येऊन आपट्याची पानं मात्र दोन्ही हातांनी घ्यायचा. मला कधी त्यात अपमान वाटला नाही. कुठं उभं राहायचं आणि कुठून बाजूला व्हायचं, हे त्याला नीट माहीत होतं.

रमजानचे रोजे मी त्याच्यासोबत सगळ्या ऋतूंत बघितले. त्यांचं वर्ष चंद्राचं, आपल्या कॅलेंडरपेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, आणि आपल्यासारखा अधिक महिना त्यांच्यात नाही. त्यामुळं रमजान सरकत सरकत भर मेपासून थंडीपर्यंत फिरून येतो. मेमध्ये पत्र्याच्या शेडात लेथ मशीनवर उभा, ओठ वाळलेले, पहाटेपासून पाण्याचा थेंब नाही. मी चिडून म्हणायचो, "घरी जा." तो म्हणायचा, "घर में बी प्यास वहीच है." वर्षअखेरीला साठलेल्यातला चाळिसावा हिस्सा तो गरिबांना काढून द्यायचा आणि कुणाला दिला ते सांगायचा नाही. मी खोदून विचारलं तर म्हणायचा, "तुम्हारा सौदा रुमाल के नीचे, मेरी जकात भी रुमाल के नीचे."

मुसलमान म्हणजे सगळे एकसारखे, असं मला वाटायचं. तो समज नट-बोल्टच्या दुकानात मोडला. आम्ही सुटे भाग घ्यायचो ते दुकान एका बोहरी शेठचं. पांढरी, सोनेरी काठाची टोपी, घरात गुजराती. एका वर्षी त्यांची ईद यासीनभाईच्या एक दिवस आधी आली आणि मी चक्रावलो. यासीनभाईनं चहाच्या बशीत बोट फिरवत समजावलं. पैगंबरांच्या मागं गादी कुणाची, यावरून जुना वाद. एक म्हणाले समाजानं निवडलेला, ते सुन्नी. दुसरे म्हणाले घरातला, जावई अली, ते शिया. बोहरी शियांमधलेच, पण त्यांचं पंचांग आधीच ठरलेलं असतं, चंद्र दिसायची वाट बघत नाहीत. "और मैं सुन्नी. लेकिन बोल्ट तो शेठ केच अच्छे." शेठही हसले. मी विचारलं, "मग भांडण कुठं आहे?" यासीनभाई म्हणाला, "भांडण करनेवालों को मिल जाता है, पाटील."

भांडण त्याच्या घरातही होतं, पण दबक्या आवाजात. रजियाभाभी दर वर्षी खुलताबादला दर्ग्यावर चादर घेऊन जायच्या. तिथल्या वलींवर, सूफी संतांवर, त्यांचा फार जीव. इम्रान मोठा झाला, धर्मप्रचार करणाऱ्या जमातीबरोबर गावोगाव जाऊ लागला आणि म्हणू लागला की मागायचं ते थेट अल्लाकडं मागायचं, कबरीपाशी नाही. आई रडायची, पोरगा पुस्तकं दाखवायचा. यासीनभाई दोघांच्या मध्ये जेवायला बसायचा आणि म्हणायचा, "दोनों की रोटी एकच तवे की है, खाओ." तो बायकोसोबत खुलताबादला जायचाही आणि मुलासोबत मशिदीतही बसायचा.

मग तो हजला गेला. जायच्या आधी त्यांच्यात एक रीत आहे, ती मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. ओळखीच्या प्रत्येक माणसाकडं जाऊन 'कहा-सुना माफ करो' म्हणायचं. चुकून काही बोललो असेन, दुखावलं असेल, तर माफ कर. माझ्यापुढं उभा राहून त्यानं हात जोडल्यासारखे धरले. मी हसलो. "तू माझं काय बिघडवलंस? मशीनवर लिहून लिहून माझा नफा खाल्लास तेवढाच." तो हसला नाही. म्हणाला, "मजाक नक्को पाटील. अल्ला अपना हक माफ कर देता. बंदे का हक बंदाच माफ करता, अल्ला बीच में नहीं पडता." मी घाईघाईत म्हटलं, "माफ, माफ. जा."

परत आला तेव्हा खजूर आणि जमजमचं पाणी आणलं, आणि मी विचारलेली एकच गोष्ट सांगितली. मी विचारलं होतं, तिथं हात कसे होते? तो खूष झाला. म्हणाला, लाखो लोक एका रांगेत. इंडोनेशियाचे नाजूक, शिस्तीचे, तुर्कस्तानचे धिप्पाड, सुदानचे काळेकुळकुळीत, आपले बंगाली, केरळचे. कुणी हात नाभीवर बांधतंय, कुणी छातीवर, कुणी तसेच मोकळे सोडून उभे. पहिल्या दिवशी तो शेजाऱ्याचे सुटे हात बघून मनात म्हणाला, याला कुणी शिकवलं नाही वाटतं. तिसऱ्या दिवशी कळलं, तो त्याच्या मुलुखातला मोठा आलीम, धर्मपंडित होता. "सब के हाथ अलग, पाटील, पन मूं एकीच तरफ."

एवढं सगळं मला ठाऊक होतं, आणि तरी मी ते बोललो.

चार वर्षांपूर्वी माझ्या मुलीचं, सुनंदाचं लग्न जमत आलं होतं. मुलाचे वडील आमच्याच भागातले मोठे बागायतदार. बोलता बोलता त्यांनी डिझेल इंजिन हवंय म्हणून सांगितलं. माझ्याकडं एक होतं. यासीनभाईनं त्यावर लिहिलं होतं, 'ब्लॉकला तडा, वेल्डिंग केलेले.' वेल्डिंग उत्तम होतं, दहा वर्षं चाललं असतं, असं मी आजही छातीठोक सांगतो. पण सोयऱ्याला तडा दाखवायचा? मी दोन माणसं लावून इंजिन फिरवलं आणि लिहिलेली बाजू भिंतीकडं केली. यासीनभाईनं बघितलं. मला बाजूला घेऊन म्हणाला, "पाटील, बेटी का मामला है. बोल डालो." मी म्हटलं, "तू आज गप राहा. एक दिवस."

होणारे व्याही आले, सोबत त्यांचे भाऊबंद. इंजिन चालू केलं, छान चाललं. सगळं ठरत आलं आणि व्याही सहज वळून म्हणाले, "यासीनभाई, तुमचं नाव लई ऐकलंय. तुम्ही सांगा, कसं हाय?" तो लेथपाशी उभा होता. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी डोळ्यांनी नको म्हटलं. त्यानं हात पुसले आणि हळूच म्हणाला, "पाटीलसाब, इंजिन जरा घुमाव ना."

तड्याचा शब्द त्यानं काढला नाही. पण आठ माणसांसमोर इंजिन फिरलं.

व्याह्यांनी लिहिलेलं वाचलं, चहा प्यायले आणि निघून गेले. चार दिवसांनी निरोप आला, पोराला एवढ्यात लग्न करायचं नाही. सोयऱ्याला जो असा माल देतो तो पोरगी कशी देईल, असं ते गावात बोलल्याचं माझ्या कानावर आलं. मी शेडात गेलो. यासीनभाई खाली बसून मोटार उघडत होता. मी काय काय बोललो ते सगळं इथं लिहीत नाही. शेवटचं लिहितो, कारण तेच उरलंय. मी म्हटलं, "तुमच्या लोकांवर विश्वास ठेवला, हीच माझी चूक."

त्यानं पाना खाली ठेवला. म्हणाला, "इंजिन के बारे में बोलो पाटील... सुन लूंगा. लोगां को कायकू लाए बीच में?" त्यानं आपली हत्यारं पोत्यात भरली, ब्रश आणि पेंटचा डबा घेतला आणि गेला. रोशन गेटच्या एका बोळात त्यानं छोटं दुकान टाकलं.

पहिल्या ईदला त्याच्या घरून शीरखुर्म्याचा स्टीलचा डबा आला, दर वर्षी यायचा तसा. मी तो न उघडता परत पाठवला. पुन्हा आला नाही. दोन वर्षांनी सुनंदाचं दुसरीकडं लग्न झालं, चांगलं झालं. तिनं विचारलं, "बाबा, यासीनचाचांना पत्रिका दिली ना?" मी म्हटलं, "दिली." दिली नव्हती. लग्नात ती दारापाशी येऊन येऊन बघत होती.

कब्रस्तानात पोहोचलो तेव्हा रांगा लागल्या होत्या. जनाजा समोर. आंघोळ घालून न शिवलेल्या पांढऱ्या कापडात गुंडाळलेला तो उंच माणूस लहान दिसत होता. मी लिंबाखाली उभा राहिलो. शेजारी बोहरी शेठ होते, तेही रांगेत नव्हते. नमाज सुरू व्हायच्या आधी इम्रान पुढं आला. म्हणाला, "मेरे वालिद से किसी को तकलीफ पहुंची हो, कुछ कहा-सुना हो, तो अल्ला के वास्ते माफ कर देव."

रांगांतून आवाज आले. माफ किया... माफ किया... शेठ पुटपुटले, "माफ." मग त्यांनी माझ्याकडं बघितलं.

माझं तोंड उघडलं नाही. मी हट्टानं गप्प राहिलो असं लोक म्हणतील तर म्हणू देत. निम्मं खरं आहे. चार वर्षं जो राग सांभाळला तो दोन शब्दांत हातातून सोडायचा? आणि उरलेलं निम्मं असं, की माफ करणारा मी कोण, हे मला तिथं लिंबाखाली कळायला लागलं होतं. तोवर इमामांनी पहिली तकबीर, 'अल्लाहू अकबर'ची हाक दिली होती. त्या नमाजेत वाकणं नसतं, डोकं टेकणं नसतं, नुसतं उभं राहायचं असतं. लवकर संपते.

"चाचा, मिट्टी दीजिए," इम्रान म्हणाला. यासीनभाईला कबरीत पश्चिमेकडं तोंड करून ठेवलं होतं. तीन मुठी माती द्यायची असते. बाकीचे प्रत्येक मुठीला अरबीत काही म्हणत होते. मी मुकाट्यानं तीन मुठी टाकल्या. तिसऱ्या वेळी मूठ लवकर सुटेना.

गेल्या आठवड्यात त्याच्या घरी गेलो. चाळिसाव्या दिवसाचं जेवण घालायचा भाभींचा आग्रह होता, इम्रान म्हणाला असलं काही धर्मात नाही, शेवटी गुपचूप गरिबांना जेवण दिलं असं कळलं. मध्ये जेवायला बसणारा आता नव्हता. भाभी इद्दतीत आहेत. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस बाई घरात राहते, परक्या पुरुषासमोर येत नाही. मी बाहेरच्या खोलीत बसलो, त्या पडद्याआड. पडद्याशी बोलणं सोपं जाईल असं वाटलं होतं, तसं झालं नाही. मी म्हटलं, "भाभी, मी त्याला एक वाईट बोललो होतो."

"मालूम है भाईसाब. घर आके उन्ने खाना नहीं खाया था उस दिन."

"मला माफी मागायची होती."

मग त्या म्हणाल्या, "आपको बुरा कभी नहीं बोले वो. इतना मैं कसम से बोलूंगी. लेकिन माफ किया के नहीं... वो मैं कैसे बोलूं? वो उनका हक था. मैं दूं तो झूठ होयगा."

दुसरी कुठली बाई माझं समाधान करायला 'केलं हो माफ' म्हणाली असती. ही यासीनभाईची बायको. तिनंही तड्यावर रंग लावला नाही. मी चहा प्यायलो. उठताना पडद्याआडून आवाज आला, "बेटी कैसी है?" मी 'बरी आहे' म्हटलं आणि जिना उतरलो.

तसाच शेडवर आलो. दुपार होती, लेथ बंद. ते इंजिन अजून तिथंच आहे. चार वर्षांत दहा गिऱ्हाइकं आली, मी कुणालाच दिलं नाही, कारण देताना फिरवावं लागलं असतं. त्याच्या शेजारी कोपऱ्यात फरशीवरचा बाण. तिथं मी कधी माल ठेवला नाही, का ते कामगारांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. दोन माणसं बोलावली आणि इंजिन फिरवलं. कोळिष्टकं झाडली. कललेली अक्षरं जशीच्या तशी होती. 'ब्लॉकला तडा, वेल्डिंग केलेले.' मी मोठ्यानं म्हणालो, "माफ किया." कामगार माझ्याकडं बघायला लागले. माझं मी सोडलं, यासीनभाई. पण ते सोडताच लक्षात आलं की त्यात सोडण्यासारखं मुळात काही नव्हतं. जे होतं ते तुझ्याकडं होतं, आणि तू तर आता बोलत नाहीस.

परवा एक गिऱ्हाईक आलं. तरुण शेतकरी, हर्सूलकडचा. इंजिनाभोवती फिरला, बोट लावून विचारलं, "हे काय लिहिलंय?" माझ्या जिभेवर शंभर उत्तरं आली, आयुष्यभर तीच विकली आहेत. मी म्हटलं, "वाचता येतं ना? वाच." त्यानं वाचलं, मान हलवली आणि निघून गेला. मला नेहमीसारखा राग आला, हाक मारून परत बोलवावं, वेल्डिंग किती पक्कं आहे ते पटवून द्यावं असं वाटलं. फाटकापर्यंत गेलोही.

मग परत आलो. इंजिन तसंच उभं आहे, लिहिलेली बाजू रस्त्याकडं.